कंपन्यांचा पैसा, विद्यापीठांचा पुरावा

सिगारेटच्या पाकिटावर आजाराची चित्रे छापण्याचा नियम अमेरिकी सरकारने केला आणि ऑगस्ट 2012 मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने तो दोन विरुद्ध एक मताने रद्द केला. कंपन्यांच्या वकिलांना फार खटपट करावी लागली नाही. त्यांनी सरकारचेच कागद सरकारपुढे ठेवले. या चित्रांमुळे देशातील धूम्रपानाचे प्रमाण किती घटेल, याचा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे तिथल्या एफडीएने, स्वतः काढलेला अंदाज होता 0.088 टक्के. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा आकडा शून्याहून वेगळा म्हणता येत नाही, हेही त्याच कागदांत लिहिलेले होते. सिगारेट घातक आहे याबद्दल न्यायालयात वाद नव्हता. या चित्रांनी लोक सिगारेट सोडतात का, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर सरकारच्या दप्तरात नव्हते.

तंबाखूने कर्करोग होतो हे सांगणारे विज्ञान 1950 पासून उभे राहत आले आहे. अमुक नियमाने तंबाखूचा वापर कमी होईल हे सांगणारे विज्ञान मात्र वेगळे, त्याची पद्धत वेगळी आणि त्याला लागणारा पैसाही वेगळा. निकोटीन किती कमी केले तर सवय सुटते? कोणत्या चवीमुळे पोरे ई-सिगारेटकडे वळतात? पाकिटावरचे कोणते वाक्य वाचले जाते आणि कोणते नजरेआड होते? हे प्रश्न औषध कंपन्या विचारत नाहीत, कारण त्यात विकण्यासारखे काही नाही. तंबाखू कंपन्या विचारतात, पण उत्तर जाहीर करत नाहीत. म्हणजे खर्च सरकारनेच करायचा. तो कसा करायचा याचा जगातला सर्वांत मोठा प्रयोग गेली काही वर्षे अमेरिकेत चालू आहे.

अधिकार आला, सोबत शुल्कही आले

तंबाखूवर नियंत्रण आणण्याचा एफडीएचा पहिला प्रयत्न 1996 सालचा, डेव्हिड केसलर प्रमुख असतानाचा. निकोटीन हे औषधासारखे काम करते, मग सिगारेट आमच्या कक्षेत का नको, असा त्यांचा युक्तिवाद होता. सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली पाच विरुद्ध चार मतांनी तो फेटाळला: असा अधिकार द्यायचा तर काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, कायदा करावा. तो कायदा व्हायला आणखी नऊ वर्षे गेली. 22 जून 2009 रोजी बराक ओबामांनी त्यावर सही केली आणि सिगारेट, सुटा तंबाखू व धूरविरहित तंबाखू एफडीएच्या ताब्यात आले. ई-सिगारेट, सिगार आणि हुक्का यांचा समावेश 2016 मध्ये झाला.

या कायद्यातील सर्वांत चाणाक्ष तरतूद पैशाची आहे. एफडीएच्या तंबाखू विभागाचा खर्च सामान्य करदाता देत नाही. सिगारेट, सिगार, तपकीर, चघळायचा तंबाखू, पाईपचा तंबाखू आणि हाताने वळायचा तंबाखू बनवणाऱ्या व आयात करणाऱ्या कंपन्यांकडून दर तिमाहीला शुल्क वसूल होते. बाजारात ज्याचा वाटा जितका, त्याचा बोजा तितका. एकूण रक्कम कायद्यानेच ठरवून दिली असून 2019 या आर्थिक वर्षापासून ती वर्षाला 71 कोटी 20 लाख डॉलर आहे. त्यामुळे अर्थसंकल्पाच्या वेळी तंबाखू पट्ट्यातल्या खासदारांनी कात्री लावण्याचा धोका बराच टळतो.

तरतुदीत भोके आहेत, तीही ठळक. रक्कम महागाईशी जोडलेली नाही, म्हणून दरवर्षी तिची किंमत थोडी घटते. आणि ई-सिगारेट कंपन्या शुल्क भरणाऱ्यांच्या यादीतच नाहीत. एफडीएच्या वैज्ञानिकांचा मोठा वेळ ई-सिगारेटच्या अर्जांवर जातो, पण त्याचे बिल प्रामुख्याने सिगारेटवाले भरतात.

मधली भिंत

कंपन्यांच्या पैशावर चालणारे संशोधन म्हटले की अमेरिकेतील सार्वजनिक आरोग्याची माणसे सावध होतात, आणि ते साहजिक आहे. जानेवारी 1954 मध्ये तंबाखू कंपन्यांनी चारशेहून अधिक वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन आरोग्याच्या प्रश्नावर संशोधनाला मदत करण्याचे वचन दिले. त्यातून उभ्या राहिलेल्या संस्थेने पुढची चार दशके शास्त्रज्ञांना पैसे दिले आणि 'अजून नक्की सांगता येत नाही' हा सूर जिवंत ठेवला. 1998 मध्ये 46 राज्यांशी झालेल्या तडजोडीत ही संस्था बंद करावी लागली. 2006 मध्ये न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी या कंपन्यांनी जनतेची वर्षानुवर्षे संगनमताने फसवणूक केल्याचा निकाल दिला. एवढे होऊनही 2017 मध्ये फिलिप मॉरिस इंटरनॅशनलने 'धूरमुक्त जगा'साठीच्या एका प्रतिष्ठानला बारा वर्षांत जवळपास एक अब्ज डॉलर देण्याची घोषणा केली, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने सरकारांना त्यापासून दूर राहण्याचा सल्ला दिला.

तेव्हा पैसा कोणाचा यापेक्षा तो कोणाच्या हातून जातो, याला महत्त्व आहे. कॅलिफोर्नियाने हे आधीच ओळखले होते. 1988 च्या जनमतकौलाने तिथे सिगारेटच्या पाकिटावर 25 सेंट जादा कर बसला आणि त्याचा एक ठरलेला हिस्सा संशोधनासाठी राखून ठेवला गेला. तो विद्यापीठाच्या यंत्रणेमार्फत वाटला जातो. केंद्रीय पातळीवर हेच काम राष्ट्रीय आरोग्य संस्था, म्हणजे एनआयएच, करते. शुल्क एफडीएकडे येते. कोणत्या प्रश्नांची उत्तरे हवीत ते एफडीए सांगते. प्रस्ताव मागवणे, तज्ज्ञांकडून त्यांची छाननी करून गुण देणे आणि अनुदान देणे हे एनआयएच पाहते. संशोधन विद्यापीठे करतात आणि निष्कर्ष नियतकालिकांत स्वतः छापतात. कंपनीला संशोधक निवडता येत नाही आणि एफडीएला निष्कर्ष निवडता येत नाही.

चौदा, नऊ आणि पुढे

सप्टेंबर 2013 मध्ये या व्यवस्थेतून विद्यापीठांतील 14 तंबाखू संशोधन केंद्रांची घोषणा झाली. पहिल्या वर्षासाठी 5 कोटी 30 लाख डॉलरपर्यंत आणि पाच वर्षांत मिळून 27 कोटी 30 लाख डॉलरपर्यंत निधी ठरला, म्हणजे सरासरी एका केंद्राला पाच वर्षांत दोन कोटींच्या आसपास. येल, पेन स्टेट, जॉर्जिया स्टेट, ओहायो स्टेट, व्हरमाँट, मेरीलँड, कॅलिफोर्नियातील सॅन फ्रान्सिस्को आणि दक्षिण कॅलिफोर्निया ही विद्यापीठे त्यात होती. नॉर्थ कॅरोलायना हे तंबाखूच्या शेतीसाठी ओळखले जाणारे राज्य, पण तिथल्या चॅपल हिलच्या विद्यापीठाला दोन केंद्रे मिळाली. 2018 च्या दुसऱ्या फेरीत केंद्रे नऊ झाली आणि निधी 15 कोटी 10 लाख डॉलरवर आला. तिसरी फेरी 2023 मध्ये सुरू झाली.

प्रत्येक केंद्राला एक सूत्र घ्यावे लागते आणि त्याभोवती तीन-चार प्रकल्प गुंफावे लागतात. विषारीपणा, व्यसन, आरोग्यावरील परिणाम, वर्तन, लोकांपर्यंत माहिती पोहोचवणे, जाहिरातबाजी आणि धोरणाच्या परिणामांचा अंदाज ही मान्य क्षेत्रे आहेत. शिवाय तरुण संशोधक घडवायचे आणि एखादा नवा प्रकार बाजारात अचानक आला तर त्यावर झटपट काम करण्यासाठी थोडा निधी मोकळा ठेवायचा. या केंद्रांतून निघालेली माणसे हे या योजनेचे मोठे फलित आहे. रसायनशास्त्रज्ञ, मानसशास्त्रज्ञ, अर्थतज्ज्ञ आणि जाहिरातींचा अभ्यास करणारे लोक एका टेबलाभोवती बसून नियमाच्या भाषेत विचार करायला शिकले.

केंद्रांना जोडून त्याच निधीतून आणखी दोन मोठी कामे झाली. पहिले 'पाथ' या नावाने ओळखले जाणारे सर्वेक्षण. 2013 मध्ये त्यात बारा वर्षांपुढील सुमारे 46,000 माणसे घेतली आणि पुढे त्यांनाच पुन्हा पुन्हा भेटून विचारणा चालू ठेवली. कोण सिगारेटवरून ई-सिगारेटवर गेला, कोण दोन्ही ओढतो, कोण परत फिरला, हे एकदाच केलेल्या पाहणीतून कळत नाही. माणूस तोच ठेवून वर्षे बदलावी लागतात.

दुसरे काम निकोटीनचे. एरिक डॉनी आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये छापलेली चाचणी जवळून पाहण्यासारखी आहे. 840 धूम्रपींना सहा आठवडे फुकट सिगारेटी दिल्या. दिसायला त्या सारख्याच होत्या, पण तंबाखूतील निकोटीनचे प्रमाण वेगळे होते. कोणाच्या वाट्याला कोणती आली ते त्यांना सांगितले नव्हते. नेहमीएवढे निकोटीन असलेल्या सिगारेटी ज्यांना मिळाल्या ते शेवटी दिवसाला सरासरी 21.3 सिगारेटी ओढत होते. दर ग्रॅममागे 0.4 मिलिग्रॅम निकोटीन असलेल्या सिगारेटी मिळालेले 14.9 ओढत होते. निकोटीन कमी केले तर माणूस भरपाई म्हणून जास्त ओढेल, ही कंपन्यांची आणि काही शास्त्रज्ञांचीही जुनी शंका होती. निकोटीन पुरेसे खाली आणले तर तसे होत नाही, असे यातून दिसले. व्हरमाँटच्या केंद्राने पुढचा प्रश्न घेतला: मानसिक आजार असलेले, अफूजन्य पदार्थांच्या व्यसनात अडकलेले आणि गरीब स्त्रिया अशा अवघड परिस्थितीतील लोकांवर हे लागू पडते का? तिथेही दिशा तीच दिसली. जानेवारी 2025 मध्ये एफडीएने सिगारेटमधील निकोटीन दर ग्रॅममागे 0.7 मिलिग्रॅमपर्यंत आणण्याचा प्रस्ताव मांडला तो या कामाच्या आधारावर.

प्रश्न कोण ठरवतो

या व्यवस्थेवरची पहिली टीका वेगाची आहे. अनुदानाची फेरी पाच वर्षांची, तर बाजारातली फॅशन वर्षा-दोन वर्षांची. जूल ही ई-सिगारेट 2015 मध्ये बाजारात आली आणि दोन-तीन वर्षांत अमेरिकी शाळांच्या स्वच्छतागृहांत पोहोचली. केंद्रे तिचा अभ्यास करेपर्यंत पोरे एकदा वापरून फेकायच्या ई-सिगारेटींकडे वळली होती.

दुसरी टीका अधिक खोल आहे. एफडीएचा पैसा एफडीएच्या अधिकाराबाहेर खर्च करता येत नाही. तंबाखूवर कर लावणे हा एफडीएचा अधिकार नाही, तेव्हा कराच्या परिणामाचा अभ्यास या निधीत बसत नाही. व्यसन सोडवण्याचे उपचार तपासणेही बसत नाही. साहजिकच संशोधनाचा काटा धोक्याकडे झुकतो. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या गटाने लॉस एंजेलिसच्या शाळांत कधीही सिगारेट न ओढलेल्या मुलामुलींचा माग घेतला. नववीच्या सुरुवातीला ज्यांनी ई-सिगारेट चाखली होती त्यांच्यापैकी 30.7 टक्क्यांनी पुढच्या सहा महिन्यांत धुराचा तंबाखू वापरून पाहिला. न चाखलेल्यांत हे प्रमाण 8.1 टक्के होते. एकामुळे दुसरे घडते, की धाडसी स्वभावाची मुले दोन्ही करून पाहतात, हे एवढ्यावरून ठरत नाही. पण नियम करणाऱ्याला दुर्लक्ष करता येणार नाही असा हा आकडा होता.

ब्रिटनने सरकारी पैशातूनच उलट बाजूचा प्रश्न विचारला. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन संस्थेच्या मदतीने पीटर हायेक यांच्या गटाने सिगारेट सोडू इच्छिणाऱ्या 886 प्रौढांची चाचणी केली. 2019 मध्ये निकाल आला: वर्षभरानंतर ई-सिगारेट दिलेल्यांपैकी 18 टक्के लोक सिगारेटपासून दूर होते, निकोटीनच्या गोळ्या-पट्ट्या दिलेल्यांपैकी 9.9 टक्के. मात्र सिगारेट सोडलेल्या पहिल्या गटातील 80 टक्के लोक तेव्हाही ई-सिगारेट ओढत होते. अमेरिकेने पोरांकडे पाहिले, ब्रिटनने मुरलेल्या धूम्रपींकडे. दोन्ही अभ्यास प्रामाणिक आहेत. पण निधी कोणत्या खात्यातून येतो यावर प्रश्न ठरतो, आणि प्रश्न ठरला की धोरणाची दिशाही निम्मी ठरते. त्यामुळे एकाच खिडकीतून सगळा पैसा जाऊ नये, हा या तुलनेचा धडा आहे.

न्यायालयात टिकणे, मंत्रालयात अडकणे

2012 च्या पराभवानंतर एफडीए परत कामाला लागली. ग्राहकांवर मोठे अभ्यास केले आणि उद्दिष्ट बदलले: धूम्रपान घटेल हा दावा सोडून, लोकांना माहीत नसलेले धोके कळतील एवढेच सिद्ध करायचे. 2020 मध्ये 11 नवे चित्रमय इशारे आले. त्यांत मूत्राशयाचा कर्करोग, मधुमेह, मोतीबिंदू अशा गोष्टी होत्या, ज्या सिगारेटशी जोडल्या आहेत हे अनेकांना ठाऊक नसते. मार्च 2024 मध्ये पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने हे इशारे राज्यघटनेत बसतात असे सांगितले. जानेवारी 2025 मध्ये टेक्सासच्या कनिष्ठ न्यायालयाने ते पुन्हा रोखले, या वेळी कारण हे की 2009 च्या कायद्यात नऊ इशारे होते आणि एफडीएने अकरा केले. चित्रांचा कायदा होऊन तोवर पंधरा वर्षे उलटली होती.

पुराव्याने जिंकलेली लढाईही आहे. गोड, फळांच्या चवीच्या ई-सिगारेट द्रवांना एफडीएने परवानगी नाकारली. त्यांतल्या एकाचे नाव होते 'जिमी द ज्यूस मॅन पीची स्ट्रॉबेरी'. चवी कोणाला खेचतात याबद्दल देशव्यापी पाहण्यांचे आकडे हाताशी होते. एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने एफडीएच्या बाजूने कौल दिला.

आणि पुरावा असूनही हरलेली लढाई मेन्थॉलची. मेन्थॉल सिगारेट बाजारातून गेल्या तर सार्वजनिक आरोग्याला फायदा होईल, असा निष्कर्ष एफडीएच्याच वैज्ञानिक सल्लागार समितीने 2011 मध्ये दिला. बंदीचा प्रस्ताव 2022 मध्ये आला आणि जानेवारी 2025 मध्ये नव्या सरकारने तो मागे घेतला. एप्रिल 2025 मध्ये सरकारी नोकरकपातीत एफडीएच्या तंबाखू विभागाचे प्रमुख ब्रायन किंग यांना पदावरून दूर केले गेले. देशाच्या रोग नियंत्रण केंद्रातील धूम्रपानविषयक कार्यालयही बंद झाले. कंपन्यांच्या शुल्कातून पगार मिळणाऱ्या माणसांना काढून करदात्याचे डॉलर वाचत नाहीत, हे तेव्हाच अनेकांनी दाखवून दिले.

मुंबईशी जुने नाते

अमेरिकी सरकारचा पैसा तंबाखूच्या संशोधनासाठी भारतात फार आधी आला होता. 1960 च्या दशकात पीएल-480 करारातून अमेरिकेचा गहू आला, त्याच्या किमतीचे रुपये अमेरिकेच्या खात्यात इथेच साठले. त्यातला काही भाग एनआयएचमार्फत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंत संशोधन विभागाला मिळाला. डॉ. फली मेहता आणि सहकाऱ्यांनी देशातील पाच जिल्ह्यांच्या खेड्यांत 50,915 माणसांची तोंडे तपासली. याच गटाने 1972 मध्ये महाराष्ट्रातील 1,01,761 ग्रामस्थांच्या तपासणीचा अभ्यास छापला. तंबाखू चघळणे, तोंडातले पांढरे चट्टे आणि कर्करोग यांचा संबंध दाखवणाऱ्या भारतीय पुराव्यात या कामाला मोठे स्थान आहे.

आपला प्रश्न अमेरिकेपेक्षा वेगळा आहे, हे यातूनच कळते. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात 24.4 टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरतात आणि 3.8 टक्के धूम्रपान करतात. मशेरी, खर्रा, चुना लावून मळलेला तंबाखू यांवर न्यूयॉर्क-कॅलिफोर्नियात कोणी संशोधन करून देणार नाही. राज्यात 2012 मध्ये गुटख्यावर बंदी आली आणि टपरीवर सुगंधी सुपारीची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी अशी जोडी मिळू लागली; गिऱ्हाईक दोन्ही हातावर एकत्र करते. बंदीने वापर किती घटला, की त्याने नुसते रूप बदलले, हे सांगायला तीच माणसे वर्षानुवर्षे गाठणारी पाहणी लागते.

भारताच्या 2003 च्या कायद्यात पाकिटावर निकोटीन व टारचे प्रमाण छापण्याची आणि ते मोजणाऱ्या प्रयोगशाळांना मान्यता देण्याची तरतूद आहे. नोएडा, मुंबई आणि गुवाहाटी इथे तंबाखू चाचणीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळा उभ्या राहिल्या त्या सुमारे दीड दशकाने. त्याउलट तंबाखूचे पीक सुधारण्यासाठीची केंद्रीय संशोधन संस्था राजमुंद्रीला 1947 मध्येच सुरू झाली होती. तंबाखू कसा पिकवावा यासाठी सरकारने पैसा लवकर दिला. त्यात काय असते ते मोजायला फार उशीर केला.

अमेरिकेच्या अनुभवातून घेण्यासारखे तीन भाग आहेत. तंबाखूवरील कराचा किंवा शुल्काचा ठरावीक वाटा कायद्यानेच संशोधनाला बांधून द्यावा, म्हणजे तो दरवर्षी मागावा लागणार नाही. प्रश्न आरोग्य खात्याने विचारावेत, पण संशोधक तिसऱ्याच संस्थेने निवडावेत आणि निष्कर्ष खात्याला न विचारता छापले जावेत. आणि धोका मोजणारा व व्यसन सोडवण्याचे मार्ग शोधणारा पैसा वेगळ्या खात्यांतून यावा. टाळण्यासारखी गोष्ट एकच: पुरावा जमला की निर्णय आपोआप होईल, हा भाबडेपणा. मेन्थॉलवर पुरावा 2011 मध्येच होता. संशोधनावर खर्च केलेला पैसा सरकारला न्यायालयात उभे राहायला पाय देतो; चालायचे की नाही, हे शेवटी सरकार चालवणाऱ्यांनाच ठरवावे लागते, आणि त्याचा जाब त्यांना मतदारांनीच विचारायचा असतो.